आप्पांची टीम

इतर साहेब आले की काम कुठवर आलं, असं विचारायचे. आमचे आप्पा विचारायचे, "अडलंय कुठे?" इथे परदेशात, माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात ते आमच्या सॉफ्टवेअर टीमचे स्क्रम मास्टर होते. काम नेमून देणं हे त्यांचं काम नव्हतं. काम करणाऱ्यांच्या वाटेतले अडथळे ते दूर करायचे. पन्नाशीचे, पुण्याचे. तिथली गोरी पोरंसुद्धा त्यांना आप्पाच म्हणायची.

मी नवीन असताना हौसेनं तीन कामं एकदम अंगावर घेतली होती. आप्पांनी भिंतीवरच्या बोर्डावरून माझ्या नावाच्या दोन चिठ्ठ्या काढल्या. "एक पुरं कर. अर्धवट तीन कामं कुणाच्या उपयोगाची?" मला राग आला. पण ते एक काम हातावेगळं झालं, तेव्हा कितीतरी दिवसांनी मी नीट झोपले.

डेव्ह रोज सकाळच्या मीटिंगमध्ये 'स्वीट ॲज, मस्त चाललंय, होतच आलंय' म्हणायचा आणि काम तसूभर हलत नव्हतं. आप्पा त्याला चहाला घेऊन गेले. त्याचे वडील शेवटच्या आजारात होते, आणि तो कुणापाशी बोलला नव्हता. आप्पांनी त्याला घरी पाठवलं, त्याचं काम आमच्यात वाटून दिलं आणि उशीर होणार हे क्लायंटला स्वतः सांगितलं. डेव्हचं नावही घेतलं नाही.

हळूहळू आम्ही एकमेकांच्या अडचणी आपल्या आपणच सोडवू लागलो. वरच्यांच्याही ते लक्षात आलं. टीम आपली आपण चालते, मग स्क्रम मास्टर कशाला, असं २०१६ साली ठरलं. आप्पांनीच आम्हाला ते सांगितलं. "तुम्हाला माझी गरज उरली नाही, म्हणजे माझं काम नीट झालं."

त्या वयात तसली नोकरी पुन्हा मिळाली नाही. ते पेनरोजच्या एका गोदामात लागले. एकदा सँडरिंगहॅमला वाणसामान घेताना भेटले, अंगात गोदामाचं केशरी जाकीट. टीममधल्या एकेकाची चौकशी करत राहिले. स्वतःबद्दल एवढंच म्हणाले, "पाठ दुखते गं."

पुढच्या हिवाळ्यात हृदयविकारानं गेले.

अंत्यविधीनंतर त्यांची मुलगी इरा माझ्याशेजारी येऊन बसली. इथेच जन्मलेली, मराठी कळायचं, पण बोलायची इंग्रजीतच. बाबा ऑफिसात नेमकं काय करायचे, ते घरी कधीच सांगायचे नाहीत, म्हणाली. मी मराठीतच आठवेल ते सांगत गेले. मी थांबले, तशी ती हळूच, पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "मावशी, अजून सांग ना."

माझ्याकडे तेवढंच होतं.