हवालदारभाऊंचं ‘काऊन?’

आमच्या शेजारच्या हवालदारभाऊंना नमस्कार केला आणि सुखासुखी नमस्कार परत मिळाला, असा माणूस अख्ख्या आरमोरीत सापडायचा नाही. आधी येतो तो प्रश्न, “काऊन?” नमस्कार का केला, काय काम काढलं, कोणी पाठवलं, सगळं त्या एका शब्दात. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला, पण पहारा काही सुटला नाही. दूधवाल्याला आधी त्याचंच दूध प्यायला लावतात. लग्नाची पत्रिका उजेडात धरून बघतात. पंगतीत भिंतीला पाठ लागेल अशीच जागा धरतात, आणि वाढप्यानं फारच आग्रह केला की त्याच्याकडे असे बघतात की बिचारा बुंदी घेऊन दुसऱ्या पंगतीला पळतो. खांद्याला कायम फौजेतली जुनी पाण्याची बाटली. तिच्यातला घोट कुणाला मिळत नाही. ऐन उन्हात सख्ख्या जावयानं हात पुढे केला, तर म्हणाले, “नळ तिकडे हाये.”

अशा माणसाच्या माजी सैनिक संघटनेला फुकट मदत करायला आम्ही निघालो, म्हणजे स्वतःहून विंचवाच्या बिळात बोट घातलं. संघटनेच्या सभागृहाचं छप्पर गळत होतं. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, त्या दिवसांत आमच्या झाडीपट्टीत नाटक लावलं की गर्दी हमखास जमते, म्हणून ठरलं, संघटनेसाठी एक नाटक करायचं. मी लिहिणार. रफीकभाई शिंपी वर्द्या शिवणार आणि जवानाचं कामही तेच करणार.

“फुकटात काऊन करून राह्यले तुमी?” हवालदारभाऊंनी पहिल्याच दिवशी विचारलं. उत्तर पटलं नाही. रफीकभाईंनी नमुन्यासाठी त्यांच्या छातीचं माप घ्यायला टेप काढली, तर दोन पावलं मागे सरले. “माहं माप कोणाले पाह्यजे?” रफीकभाई म्हणाले, “भाऊ, वर्दीले पाह्यजे. मले तुमच्या छातीचं लोणचं घालाचं हाये का?” भाऊ हसले नाहीत. पुढे रोज तालमीला येऊन दाराशी बसू लागले. आता संशय मला येऊ लागला. हा माणूस नाटक बंद पाडणार, असं मी रफीकभाईंना छातीठोकपणे सांगितलं.

नाटकात सावली गावचा एक जवान सीमेवर गोळी लागून पडतो. तो हवालदारभाऊंचा फौजेतला जोडीदार होता, हे गावाला माहीत होतं. मरताना त्याच्या तोंडी मी चांगलं लांबलचक भाषण घातलं होतं. मातृभूमी, आई, धानाची बांधी, काही सोडलं नव्हतं. रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी हवालदारभाऊ माझ्या अंगणात येऊन उभे राहिले.

“त्यानं भाषण नाई केलं,” ते म्हणाले. “त्याले खोटा नका करू.”

“मग काय म्हणाला?”

“पाणी मांगलं.”

“तुम्ही दिलं?”

बाटलीचं झाकण घट्ट आहे की नाही ते त्यांनी बघितलं आणि निघून गेले. इतक्या दिवसांचा तो पहारा कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं. मी भाषणावर काट मारली. फार जीव लावून लिहिलं होतं, पण मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहात रंगीत तालीम झाली. रफीकभाई पडले आणि एवढंच म्हणाले, “पाणी.” पुढे शांतता ठरलेली होती. त्या शांततेत दाराजवळची खुर्ची सरकली. हवालदारभाऊ सरळ रंगमंचावर चढले, गुडघ्यावर बसले, बाटलीचं झाकण उघडलं आणि रफीकभाईंच्या डोक्याखाली हात घातला.

“घे. पी.”

रफीकभाई प्याले. हवालदारभाऊ त्यांच्याकडेच बघत हळू म्हणाले, “पोटात गोळी होती. डाक्टरनं पाणी देऊ नको म्हणलं. म्या आयकलं. बाटली भरून होती रे.”

मला रडू आवरेना.

नाटक झालं, छप्परही झालं. भाऊंचा संशय तसाच आहे. दूधवाला अजून आधी स्वतःच पितो. पण संध्याकाळी मी त्यांच्या दारावरून जाताना ते हाक मारतात आणि बाटली पुढे करतात. “पाणी पेता का?” तहान नसली तरी मी पितो. काऊन, ते मी विचारत नाही.