कादंबरी संपल्यावरचा पाऊस

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या दक्षिण भागात जाण्याचे प्रयोजन देवदर्शन नव्हते. एका कादंबरीचा शेवट होता. जर्सी सिटीत स्पॅनिश शिकवणारी माझी पुतणी मृणाल हिने दुष्काळावरची एक स्पॅनिश कादंबरी मराठीत आणली. भावी काळातले, नदी आटलेले एक गाव पावसाची वाट पाहते आणि पाऊस येत नाही, एवढेच कथानक. पुण्याच्या संपादकांनी अट घातली: शेवटी पाऊस पाडा, तरच छापू. लेखिका आम्पारोबाईंनी फोनवर साफ नकार दिला.

"काका, प्रत्यक्ष भेटून बघते. नाहीतर दोन वर्षांचं काम कॅन्सल," मृणाल म्हणाली. न्यू जर्सीत आयसेलिनच्या घरी एकटा बसण्यापेक्षा मीही निघालो.

नेवार्कहून डॅलसला विमान बदलून एल पासो, तिथून भाड्याच्या गाडीने तासाभरात आम्पारोबाईंचे गाव, लास क्रुसेस. रस्ता सरळ आणि उजाड. पिण्याचे पाणी जवळ असावे. शाकाहाऱ्याने घेवड्याच्या उसळीत चरबी आहे का, हे विचारूनच जेवायला बसावे. तोर्तिया म्हणजे मक्याच्या गरम, पातळ भाकऱ्या आणि भाजलेली हिरवी मिरची यांवर माझे उत्तम भागले.

सकाळी आम्पारोबाईंनी आम्हांला रिओ ग्रांदे दाखवली. पुलावर नदीचे नाव होते, पुलाखाली वाळू. वरच्या धरणातून पाणी सोडले, की वर्षातले थोडे महिने ती वाहते. मी सवयीने हात जोडले. बाई काही बोलल्या, मृणालने हसत मराठीत सांगितले, "म्हणतायत, तुमच्या देवाला कळवा, नदीने पत्ता बदललेला नाही."

मी संस्कृत नाटकांचा दाखला दिला. कथा संपल्यावर भरतवाक्य येते: पर्जन्य वेळेवर पडो, धान्य पिको. तो पाऊस कथेत पडत नाही. कथेबाहेर मागितला जातो.

"ते म्हणणारा कोण? पात्र की माणूस?" बाईंनी विचारले.

"वेष पात्राचा, मागणे माणसाचे."

बाई म्हणाल्या, "मग मागा. पण पडला असं लिहायचं नाही. आणि खाली नाव मागणाऱ्याचं, माझं नाही."

"म्हणजे काका, तुमचं," मृणाल म्हणाली.

संपादकांना ही तोड मान्य झाली. पारायणाच्या समाप्तीची, वेळेवर पाऊस मागणारी प्रार्थना मी आयुष्यभर म्हटली. ती म्हणताना हात पोथी बांधायच्या कापडाकडे गेलेला असे. आयसेलिनला परतल्यावर त्याच अर्थाच्या एका वाक्यात कित्येक सकाळी गेल्या. अलंकार आला, की वाक्य पोकळ वाजे. अखेर "या गावावर पाऊस पडो" एवढेच ठेवले, खाली नाव घातले आणि मृणालला फोनवर वाचून दाखवले.

"एवढंच, काका? आणि नाही पडला तर?"

"म्हणूनच खाली नाव आहे," मी म्हणालो.