आखातातला फोन घेऊन पेण ते रोहा

फोन मागितला होता कुणी? माझा पोरगा सुनील आखातात कामाला. तिकडच्या दुकानातला फोन त्यानं गाववाल्याच्या हाती धाडला, नि त्यात माझं सिमच चालेना. त्याचे निरोपही तसलेच. बोली मराठी, अक्षरं इंग्रजी. मी चौथी शिकलेली, शेजारणीकडनं वाचून घेते. आमच्या मिठागरात कोण लिहीत नाय. हात खारट, फोन प्लास्टिकच्या पिशवीत. वरनंच बटण दाबायचं, बोलून पाठवायचं.

पेणच्या दुकानदारानं उलटासुलटा करून परत दिला. "मावशी, हा आपल्याकडचा नाय. रोह्याला जा, तिथं आखातवाले लय."

"मग सगळे फोन दुरुस्त करतो अशी पाटी कशाला लावलीस?"

हसला मेला.

सकाळची रोह्याची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट. वडखळपर्यंत नुसती धूळ नि गाड्यांची रांग, पाणी जवळ ठेवा. नागोठण्याला वडापाव खाल्ला. चटणी झणझणीत, चहा म्हणजे साखरेचं पाणी. शेजारची सीट रिकामी, तिच्यावर फोनचं खोकं ठेवलं.

रोह्याच्या बाजारात दुकानावर बाई होती, नसीमा. तिचा नवराही तिकडंच. बघितल्या बघितल्या म्हणाली, "ताई, ह्यात पहिल्यांदा तिकडचंच सिम घालून पाच मिनिटं बोलावं लागतं. मग कुठंही चालतो."

"कुणाशी बोलायचं?"

"कुणाशी पण. आमचे हे माझ्याशीच बोलतात, मग पाठवतात."

मी फोन परत खोक्यात घातला. तिनं चहा पाजला. माझ्या जुन्या फोनात बोललं की मराठी लिहून येतं, तेही दाखवलं. हे सगळं तसंच बोलून लिहिलंय. बाहेरनं फोन मागवणाऱ्यांनो, आधी तिकडं चालू करून घ्या, नायतर हेलपाटा.

परतीला स्टँडवर कंपनीची शिफ्ट सुटलेली माणसं. आत फोन नेऊ देत नाय, गेटवर जमा. म्हणून सगळे एकदम घरी बोलत होते. "भाकरी टाक गो, निघालो." "पोरगी जेवली काय?" मीपण माझा फोन कानाला लावून उभी राहिले. पलीकडं कोण नव्हतं.

रोहा बघायला चांगलं असंल. मी नदीसुद्धा धड बघितली नाय. घरी येऊन खोकं फळीवर ठेवलं, त्याला दोन दिवस झाले.

सुनील, हे तुला कोणतरी दाखवंल. फोन परत धाडू, का तू येऊन नेतोस? रविवारपर्यंत सांग. लिहून नको, तोंडानं सांग.