ओटा नसलेलं घर

समुद्रकाठची घरं सुट्टीसाठी भाड्यानं देणारी माणसं फोनवर सगळी एकाच सुरात बोलतात. किनारा किती जवळ, खोल्या किती हवेशीर, आणि शेवटी मोठ्या अभिमानानं, "आणि स्वयंपाकघर एकदम सुसज्ज आहे हं, मॅडम!" इथवर आलं की मावशी म्हणायच्या, "अरेरे, मग नको," आणि फोन ठेवून द्यायच्या. पलीकडचा माणूस बिचारा बराच वेळ डोकं खाजवत बसत असणार.

मावशी म्हणजे रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातल्या मुख्य स्वयंपाकीण. त्यांना वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळेच मावशी म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. हे स्वयंपाकघर तळघरात आहे. वर छताला लागून दोन आडव्या खिडक्या, त्यातून बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. खाली दोघांनी मिळून कलती करावी लागतात एवढाली पातेली. कुणाला बिनमिठाचं, कुणाला बिनसाखरेचं, कुणाला नुसतं पातळ, आणि घास गिळता येत नाही त्याला सगळं वाटून. मावशींच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत वाफेनं आणि तापलेल्या कडांनी भाजल्याचे डाग आहेत. माणूस आजारावर चिडू शकत नाही, डॉक्टरांवर चिडायची छाती होत नाही, म्हणून तो जेवणावर चिडतो, हे मावशींना केव्हाच कळलेलं होतं. त्यामुळे परत आलेल्या थाळ्या बघून त्यांना आताशा वाईट वाटत नसे.

पण सुट्टीचं वाईट वाटे. दर उन्हाळ्यात मावशींचं कुटुंब आणि धाकट्या दिराचं कुटुंब मिळून समुद्रावर घर घेत. घर दोघांचं, खर्च दोघांचा, आणि ओटा एकट्या मावशींचा. "ताई, तुमच्या हाताला जी चव आहे ना," असं म्हणत जाऊबाई टॉवेल खांद्यावर टाकून पाण्याकडे पसार होत. गेल्या वर्षी तर कमालच झाली. परत आल्यावर सगळ्यांच्या नाकांची सालं निघत होती, सगळे उन्हानं रापलेले, आणि मावशी तेवढ्या जशा गेल्या होत्या तशाच. शेजारीण म्हणाली, "अय्या, तुम्ही नव्हता का गेलात?" तिनं सहज विचारलं होतं. मावशी त्यावर हसल्या, घरात आल्या आणि मोरीचा नळ सोडून रडल्या.

म्हणून यंदा त्यांनी जाहीर केलं, "घर मी शोधणार."

नवरा बस डेपोत टाइमकीपर. गाडी वेळेवर सुटली आणि खिशातून जादा काही गेलं नाही की त्या माणसाचा दिवस चांगला गेला. तो म्हणाला, "शोध की. परवडलं पाहिजे म्हणजे झालं."

मावशींची अट एकच होती, आणि ती त्यांनी फक्त लेकीच्या कानात सांगितली. घरात ओटा नको. शेगडी नको, सिंक नको, भांडं म्हणून काही नको. स्वयंपाकघरच नसेल तर कोण कुणाला रांध म्हणणार? शिवाय असलं घर कुणालाच नको असतं, म्हणून ते स्वस्तही मिळणार. नवऱ्याचंही तोंड बंद. लेक कॉलेजला शेवटच्या वर्षाला. ऐकून खो खो हसली आणि म्हणाली, "आई, तू महान आहेस!"

मग रोज संध्याकाळी मायलेकी पलंगावर मांडी ठोकून मोबाइलमध्ये डोकं घालू लागल्या. एक घर स्वस्त, पण किनारा कुठल्या कुठे. एक किनाऱ्यावरच, पण भाडं ऐकून घाम फुटावा. एकाच्या फोटोत समुद्र दिसला, तर लेकीनं मोठा करून दाखवलं की ते भिंतीवरचं कॅलेंडर आहे. दोघींना एवढं हसू आलं की बाहेरून नवरा ओरडला, "घर शोधताय की लग्नाचं स्थळ?"

आणि एके दिवशी ते सापडलं. ओळीनं दोन खोल्या, निळं दार, पुढे व्हरांडा, पाय धुवायला बाहेर नळ. फोनवर मावशींनी विचारलं, "स्वयंपाकघर?"

मालक ओशाळला. "तेवढं नाही हो बाई. पडकं होतं, काढून टाकलं. चहापुरती किटली देतो. समोरच खानावळ आहे, स्वस्त आहे."

"नक्की नाही ना?"

"खोटं कशाला बोलू? नक्की नाही."

"मग ठरलं!" मावशी म्हणाल्या. लेकीनं त्यांना अशी मिठी मारली की चष्मा वाकडा झाला.

त्या निळ्या दाराचा फोटो मावशींनी तळघरात सगळ्यांना दाखवला. भाज्या चिरणारीनं विळी बाजूला ठेवून, हात पुसून, फोटो नीट न्याहाळला. "मावशी, पण ह्यात ओटा कुठाय?"

"नाहीच्चे!"

सगळ्या बायकांनी टाळ्याच वाजवल्या. एकीनं तर पातेल्यावर झारा बडवला. मावशींनी गवती टोपीसुद्धा घेतली, रुंद काठाची. घरी ती घालून आरशापुढे उभ्या राहिल्या तेव्हा नवरा म्हणाला, "शेतात उभं राहायचंय का?" मावशींना राग आला नाही. व्हरांड्यात पाय पसरून बसायचं, खानावळीतलं ताट दुसऱ्या कुणी आणून पुढ्यात ठेवायचं, आणि ते कसंही असलं तरी गरम गरम बसून खायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. हे काही फार मागणं नव्हे.

निघायच्या आधी जाऊबाईंचा फोन आला. "ताई, तुमचा तो मसाला घ्या हं बरोबर."

"कशाला गं? खानावळवाल्याला देऊ?"

"नाही, असंच... असावा जवळ," म्हणून तिनं घाईनं फोन ठेवला. ही बाई तशीही अर्धवटच बोलते, म्हणून मावशींनी मनावर घेतलं नाही.

दिराच्या गाडीत सामान चढवताना लेकीची बॅग उचलवेना. "काय भरलंयस एवढं?" मावशींनी विचारलं. "पुस्तकं," लेक म्हणाली. सुट्टीतही अभ्यास! मावशींचा ऊर भरून आला. त्यांनी दिराला बजावलं, "भाऊजी, ती बॅग जपून ठेवा, पुस्तकं आहेत."

समुद्राचा वास आला तशी मावशींनी टोपी घातली. गाडी थांबली. दार निळं नव्हतं. घर मोठं होतं, तपकिरी दाराचं, आणि व्हरांडा नव्हताच.

"अहो, चुकलं का काय?"

"नाही, नाही," नवरा सामान काढता काढता म्हणाला. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. "हेही त्याच मालकाचं. जरा मोठं आहे. भाडं थोडं जास्त, पण एकूण बघितलंस तर स्वस्तच पडतं."

एकूण म्हणजे काय, ते मावशींना आत गेल्यावर कळलं. घरातली सगळ्यात मोठी खोली म्हणजे स्वयंपाकघर. लांबलचक गुळगुळीत ओटा, दोन शेगड्या, खोल सिंक, आणि ओट्यावरच्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत. मावशी दारातच उभ्या राहिल्या.

"बाहेरचं खाणं किती महाग पडतं, तूच विचार कर," मागून नवरा बोलत होता. "एवढी माणसं, दोन वेळा. आणि तुला काय जड आहे? तू तर शेकड्यांनी रांधतेस! आम्ही चारपाच माणसं म्हणजे तुझ्या डाव्या हातचा मळ."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात जाऊबाई लेकीची बॅग ओढत आत आल्या, चेन उघडली, आणि टॉवेलात गुंडाळलेलं एक पातेलं काढून ओट्यावर ठेवलं. जाड बुडाचं. एक कडी तुटली म्हणून रुग्णालयाच्या दुरुस्तीवाल्यानं तार पिळून बसवून दिलेली. मावशींचं स्वतःचं पातेलं, निघायच्या आदल्या दिवशी धुऊन, पुसून, त्यांनी स्वतः घरच्या फळीवर पालथं घातलेलं.

पुस्तकं नव्हतीच.

नवरा असं काही करेल हे मावशींना नवं नव्हतं. जाऊबाईंकडून त्यांची कसलीच अपेक्षा नव्हती. पण लेक! जिच्या मांडीला मांडी लावून घर शोधलं, तिनंच केसानं गळा कापला. त्या तशाच बाहेर गेल्या. लेक पाण्याच्या कडेला, सँडल हातात धरून उभी होती. आई येतेय हे बघूनही ती हलली नाही.

"कुणी बदललं घर?"

"मी," लेक म्हणाली. "बाबा म्हणत होते, पण फोन मीच केला."

"का?"

लेक वाळूत अंगठा रुतवत राहिली. मग एकदम बोलली. "आई, वर्षभर आम्ही काय खातो गं? तू तिथून डब्यात आणतेस ते. उरलेलं. निम्म्या वेळा बिनमिठाचं. तू दमून येतेस, मला कळतं, मी कधी काही बोलले नाही. पण फक्त ह्याच दिवसांत तू आमच्यासाठी रांधतेस. गरम. मी वर्षभर वाट बघते त्याची."

हे खरं होतं. मावशींना ते नाकारता येईना, आणि नाकारता येईना म्हणून जास्तच लागलं. आपलीच चूक आहे असं क्षणभर वाटलं, आणि आपल्याला असं वाटावं याचाही राग आला.

"मग मला सांगायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो," मावशी म्हणाल्या. "म्हणाले असते."

लाट आली, दोघींचे पाय भिजवून गेली. मावशींच्या पायात अजून चपला होत्या.

"फोन केव्हा केलास?"

लेकीनं सँडल दुसऱ्या हातात घेतल्या.

"मी सगळ्यांना तो फोटो दाखवत हिंडत होते, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"टोपी आणली तेव्हा? तू तर दुकानात बरोबर होतीस. तूच म्हणालीस, हीच घे, हिनं व्हरांड्यात ऊन लागणार नाही."

"आई, सॉरी ना." लेकीचे डोळे भरून आले. आजवर लेकीचे डोळे भरले की मावशींचा हात आपोआप तिच्या पाठीवर जायचा. या वेळी गेला नाही. लेकीनं काय मागितलं, याचा त्यांना राग नव्हता. पलंगावर शेजारी बसून ती आपल्याबरोबर हसली, आणि घर बदलल्यावरही इतके दिवस तशीच हसत राहिली, हे त्यांना सोसवत नव्हतं. त्यातलं कुठलं खरं आणि कुठलं नाही, हे आता कसं शोधायचं?

मावशी घराकडे परत आल्या. टोपी खुंटीला अडकवली. सगळे भुकेले होते, दिराची लहान मुलगी रडकुंडीला आली होती, आणि भुकेल्या पोराला मावशी नाही म्हणू शकत नाहीत. त्यांनी भात लावला, बाजारातून आलेले मासे साफ केले, तेल तापवलं. वास सुटला तसा घरभर आनंदीआनंद झाला. जाऊबाईंनी ताटं घेतली. नवऱ्यानं पहिल्या घासाला डोळे मिटले आणि म्हणाला, "ह्याला म्हणतात सुट्टी!"

मावशी सगळ्यांच्या शेवटी बसल्या. अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी येणार नाही. तुम्ही सगळे जा."

घास हातातच राहिले. मग नवऱ्यानं कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून विचारलं, "अगं, मग स्वयंपाक कोण करणार?"

यावर सगळे हसले. दीर हसले, जाऊबाईंना तर ठसका लागला, कुणीतरी त्यांना पाणी दिलं. नवरा आधी गोंधळला, मग आपण काहीतरी छान विनोद केला असं समजून तोही हसायला लागला.

लेक तेवढी हसली नाही. तिनं मान वर केली नाही. ताटातलं सगळं बोटांनी निपटून खाल्लं आणि खालीच बघत, हळू आवाजात विचारलं, "आई, आणखी भात आहे?"

"आहे," मावशी म्हणाल्या, आणि आपलं ताट सारून वाढायला उठल्या.