कोण सांगून राहिला?

दहावीच्या वर्गात उतारा वाचून झाला की मॅडम पुस्तक मिटायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "कोण सांगून राहिला हे? त्यानं स्वतः पाहिलं का?"

सिहोऱ्याच्या आमच्या शाळेत त्या इतिहास शिकवत, मी गणित. तुम्हाला आठवत असेल, इतिहासाच्या पेपरात एक उतारा असतो आणि त्याखाली प्रश्न. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं उताऱ्यातच सापडतात, शेवटी आपलं मत लिहायचं. पोरं आधीच मत ओतून मोकळी होत. किल्ल्याच्या उताऱ्यात एकाने आपल्या मामाचा पराक्रम घुसडला होता. मॅडमनी त्याला उभं केलं. "दाखव, मामा कोणत्या ओळीत हाय?" तो बिचारा खरंच शोधायला लागला. मॅडमनाच हसू आवरेना.

त्या पावसाळ्यात त्यांचे यजमान बपेऱ्याहून मोटरसायकलने येताना रस्त्यात गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या: मद्यधुंद दुचाकीस्वार ठार. त्या माणसाला सुपारीचंही व्यसन नव्हतं. पण छापून आलं म्हटल्यावर गावाने मान डोलावली. मुलगी नववीत होती, ती शाळेत येईना.

तेरवी झाली आणि मॅडम विचारत निघाल्या. सोबत मी होते. बातमीदार म्हणाला, पोलिसांनी सांगितलं. पोलीस म्हणाला, तिथं जमलेले लोक म्हणत होते. जमलेल्यांतला एक पानठेल्यावर भेटला. तो म्हणाला, "मी नाही पाहिलं मॅडम. सगळे म्हणून राहिले होते, म्हणून मीही म्हटलं."

शेवटी त्याच रस्त्याच्या कडेला, धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे लावणी, करणारी एक बाई भेटली. चिखलातून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर आली, हात लुगड्याला पुसले.

"मी पाह्यलं ना बाई. वासरू आडवं आलं, त्याले वाचवाले गेले अन् पडले. मीच पयले धावली. डोस्कं मांडीवर घेतलं. दारू पेले असते तं मले वास नसता आला काय?"

हेच तर शोधायला आलो होतो. मला वाटलं, मॅडम आता नाव विचारतील, लिहून घेतील. त्यांनी विचारलं,

"काही बोलले का ते?"

"पाणी मांगतलं."

"देल्लं तुम्ही?"

"देल्लं ना. माह्या गडव्यातलं."

"पेले?"

"दोन घोट पेले."

मॅडम धुऱ्यावरच बसल्या. यजमान गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या बाईने चिखलाचाच हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

पेपरने दुसरी बातमी कधी छापली नाही. मॅडमनी मुलीला मात्र त्या बाईकडे नेऊन आणलं, आणि ती शाळेत येऊ लागली. पुढे ती नागपूरला नोकरीला लागली. मॅडम निवृत्त होऊन तिच्याकडे राहायला गेल्या. आमचं बोलणं सणासुदीपुरतं उरलं.

गेल्या हिवाळ्यात शिक्षकांच्या ग्रुपवर निरोप आला. मॅडम गेल्या. खाली हात जोडल्याची चित्रं, एकाखाली एक. कोणी लिहिलं हार्ट अटॅक, कोणी लिहिलं शुगर.

मी मुलीला फोन लावला. काय झालं, कधी झालं, सगळं विचारायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "जवळ कोणी होतं का ग?"

"मी होती काकू," ती म्हणाली. "चमच्यानं पाणी पाजत होती."