विसाव्यानंतरचा आकडा

कंपनीत त्याला सगळे दशांश म्हणत. चहात साखर किती, असं कुणी विचारलं तर तो 'पाऊण चमचा' म्हणायचा, आणि वर 'सपाट' असंही सांगायचा. हे नाव लोक पाठीमागे घेत असं नाही, तोंडावरच घेत आणि त्याला ते आवडे. चिडवायला ठेवलेलं नाव ज्याला बक्षिसासारखं वाटतं, त्या माणसाला चिडवणार कसं? शेवटी चिडवणारेच कंटाळले आणि नाव तेवढं राहिलं.

म्हातारपण मोजणं हा त्याचा धंदा. माणसांचं नव्हे, फ्युएल सेलचं. कंपनी मालवाहू गाड्यांसाठी हे सेल बनवायची. एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने हवा, मधे एक पातळ पडदा. तिथे दोघांची गाठ पडली की वीज निघते आणि मागे उरतं ते नुसतं पाणी. ऐकायला किती सुखाचा संसार. पण संसारच तो, चालून चालून झिजतो. भार तेवढाच असला तरी व्होल्टेज हळूहळू उतरत जातं, इतकं हळू की उतावळ्या माणसाला ते दिसतही नाही. दशांश उतावळा नव्हता. चाचणीच्या खोलीत पंपांच्या घरघरीत सेलांचा गठ्ठा महिनोन्महिने चालू असायचा आणि संगणकाच्या पडद्यावरची रेषा केसभर खाली झुकली की याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरायचं, की नवख्याला वाटावं याला बढती मिळाली.

या कामात एक मेख आहे. दमलेला सेल बंद करून थोडा विसावू दिला की तो ताजातवाना होतो. पुन्हा चालू केल्यावर व्होल्टेज वर चढलेलं दिसतं. झिजेतला काही भाग खरोखरच भरून निघतो, काही कधीच निघत नाही, पण सुरुवातीला सेल असा काही तोरा मिरवतो की जणू कालच बनून आला. चालवत राहिलं की मग हळूहळू खरं रूप दिसायला लागतं. म्हणून प्रयोगशाळेच्या मॅडमनी नियमच घातला होता: वयाचा आकडा घ्यायचा तो सेल भाराखाली पुरता दमल्यावर, बंद करण्याआधी. विसाव्यानंतरचा आकडा वेगळा लिहायचा, वयात धरायचा नाही.

नियम मॅडमचा, पण तो पाळण्याचं वेड दशांशचं. एकदा गिऱ्हाइकं येणार होती, तेव्हा विक्रीवाला साहेब हळूच म्हणाला, "सोमवारी सकाळी सेल चालू केल्या केल्या आकडा घ्या ना. चाचणीच्या आधी विश्रांती देऊ नये असं करारात कुठे लिहिलंय?" दशांशने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "साहेब, रविवारभर झोप काढून आलेला माणूस जिना धावत चढला, म्हणून त्याला तरुण म्हणायचं का?" साहेब रुसला, गिऱ्हाइकांना उतरलेलाच आकडा दाखवला गेला आणि दशांशने ही गोष्ट घरी इतक्या वेळा सांगितली, की बायको भाजी चिरता चिरता साहेबाची वाक्यं आधीच म्हणून दाखवायची.

घरी तो, बायको, पोहायला जाणारी लेक आणि बायकोचे वडील. सासऱ्यांना गाव मास्तर म्हणे, कारण उभी हयात त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. अर्ध्या गावाला गियर टाकायला त्यांनीच शिकवलं होतं. दशांशलाही. खरं तर दशांशला शिकवताना दुसऱ्या कुणीही हात टेकले असते. चढावर गाडी थांबली की हा इंजिन बंद पाडायचा, मागचे भोंगे वाजवायचे, याला घाम फुटायचा. मास्तर शेजारी शांत बसून म्हणायचे, "वाजवू दे. भोंगा त्यांचा, हात त्यांचा, आपण आपलं क्लच सोडू." ओरडणं त्यांना माहीतच नव्हतं. पुढे त्यांनी गाडीबरोबर मुलगीही दिली, असं दशांश गमतीने म्हणे, पण त्या गमतीखाली मोठी भीड होती. मास्तरांना नाही म्हणणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं.

आता मास्तरांचा परवाना संपत आला होता. त्यांच्या वयात तो नवा करायचा तर डोळ्यांची तपासणी आणि मैदानावर गाडी चालवून दाखवणं भाग होतं. अलीकडच्या काळात त्यांनी फाटकाचा खांब एकदा डाव्या बाजूने आणि एकदा उजव्या बाजूने घासला होता, आणि दोन्ही वेळा खांबालाच दोष दिला होता. बायकोने नवऱ्याला बाजूला घेतलं.

"त्यांना चाचणीला तूच ने. मी सांगितलं तर त्यांना वाटेल पोरगी हात धुऊन मागे लागली. जसे असतील तसे ने. नापास झाले की आपोआप थांबतील, कुणाला बोलायला नको."

"आकडा बोलेल," दशांश म्हणाला. हे वाक्य त्याला फार आवडलं.

त्याच दिवशी जेवण झाल्यावर मास्तर त्याच्याजवळ येऊन बसले. ताकाला जाऊन भांडं लपवणं हा त्यांचा स्वभाव नव्हता.

"जावईबापू, तुमचे ते सेल विसावा दिला की पुन्हा तरतरीत होतात म्हणता ना? मग माझ्यासाठी करा काहीतरी. तेवढी चाचणी पार पडू दे."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, म्हणतात ते खोटं नाही. विक्रीवाल्या साहेबाला झटक्यात परत पाठवणाऱ्या दशांशने मास्तरांकडे पाहिलं, त्यांच्या गुडघ्यावरच्या हातांकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघालं, "बघू या."

बघू या म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. त्याने सकाळचा अगदी पहिला नंबर घेतला, म्हणजे मैदान रिकामं, उजेड भरपूर आणि डोळे ताजे. चाचणीच्या आदल्या दिवशी मास्तरांना बाजारात जाऊ दिलं नाही, टीव्ही लावू दिला नाही, दुपारी सक्तीने झोपवलं. बायकोने विचारलं तर म्हणाला, "त्यांना जरा कणकण वाटतेय." मनाला त्याने समजावलं की चाचणीआधी विश्रांती घेऊ नये असं नियमांत कुठेच लिहिलेलं नाही. विक्रीवाला साहेब शब्दशः हेच म्हणाला होता, पण तेव्हा ते ऐकायला किती निर्लज्ज वाटलं होतं. स्वतःच्या तोंडून तेच वाक्य फार समजूतदार निघालं.

डोळ्यांच्या तपासणीत भर उजेडातली अक्षरं मास्तरांनी बिनचूक वाचली आणि मग मैदान गाजवलं. आठाच्या आकड्यासारखं वळण घेतलं, चढावर थांबून गाडी सूतभरही मागे येऊ दिली नाही, दोन खांबांमधे उलटी लावली. तपासनीस म्हणाला, "आजोबा, या वयात असा बसलेला हात मी पाहिला नाही." दशांश कठड्याशी उभा राहून अभिमानाने फुलला होता. आपण इथे कशाला आलो होतो, ते तो तेवढ्यापुरता साफ विसरला.

घरी बायकोने वडिलांचं कौतुक केलं आणि नवऱ्याकडे बघून एवढंच विचारलं, "होते तसे नेलेस ना?"

"नेले की," दशांश म्हणाला आणि पाणी प्यायला उठला.

भीड भिकेची बहीण असते, आणि भीक मागायची वेळ यायला फार दिवस लागले नाहीत. परवाना हातात आल्याबरोबर मास्तरांनी जाहीर केलं की नातीला पोहण्याच्या क्लासहून संध्याकाळी आता तेच आणणार. रिक्षाची कटकट नको, तुमची धावपळ नको. नात खूश. बायको त्यांना अडवणार कशी? ज्यांना सरकारने पास केलं त्यांना पोरीने कसं नापास करायचं? ती फक्त दशांशकडे बघत राहिली. क्लास गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. वाटेत बाजार, शाळा, मोठा चौक, आणि वेळ दिवेलागणीची. आणि मागच्या सीटवर स्वतःची लेक बसणार होती.

"पहिल्या दिवशी मीही येतो," तो म्हणाला.

त्या दिवशी मास्तर सकाळपासून बसले नव्हते. टाकीचा नळ दुरुस्त केला, बाजार केला, दुपारी आलेल्या जुन्या शिष्याशी गप्पा मारल्या. निघताना ते जिन्यात जरा थांबले आणि दशांशच्या लक्षात आलं की आजचा आकडा खरा असणार आहे. त्याला तो बघायची अजिबात इच्छा नव्हती. धंद्यात असं त्याला कधी झालं नव्हतं.

हात तसेच होते. गियर लोण्यासारखा पडत होता, कुठे धक्का नाही. दशांशला क्षणभर वाटलं, आपण उगीच घाबरलो. बाजार संपला, समोरून दिव्यांची रांग यायला लागली. एक माणूस खांद्यावर शिडी घेऊन रस्ता ओलांडत होता. दशांशला तो केव्हाचा दिसत होता, म्हणून मास्तरांनाही दिसत असणार असं तो धरून चालला. गाडीचा वेग उतरेना.

"मास्तर, माणूस," तो म्हणाला, आणि आवाज फुटलाच नाही असं वाटून पुन्हा म्हणाला.

ब्रेक लागला. शिडीचं टोक काचेसमोरून सरकलं. त्या माणसाने बॉनेटवर थाप मारली, चार शब्द ऐकवले आणि निघून गेला. मास्तरांनी गाडी कडेला घेतली.

"कुठून आला तो?"

"कुठून आला नाही. समोरच होता."

मास्तर पुढे बघत राहिले. बाहेरून गाड्या जात होत्या, त्यांचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावरून येत होता आणि जात होता. दशांशला त्यांची दया आली आणि स्वतःची लाज वाटली, आणि दोन्हींतलं काय जास्त ते त्याला मोजता आलं नाही.

"मास्तर, तुमचं ते पास होणं खरं नव्हतं," तो म्हणाला. "मी तुम्हाला झोपवून, सांभाळून, सकाळी रिकाम्या मैदानावर नेलं. आमच्याकडे असा आकडा धरत नाहीत. मी फसवणूक केली."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"अहो, पास होईन अशी खात्री असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?" मास्तरांचा आवाज शिकवतानाचाच होता, शांत. "कधीपासून संध्याकाळी दिसत नाही नीट. पोरीला सांगवेना. परवाना-कचेरीतल्या परक्या माणसाकडून ऐकायचं म्हटलं तर मन घेईना. म्हटलं, आपला जावई कंपनीत साहेबालासुद्धा सोडत नाही, पोरगी रोज सांगते. याला विचारू. हा तोंडावर नाही म्हणेल, मग माझंही सुटेल." त्यांनी स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. "तुम्ही बघू या म्हणालात."

आयुष्यभर यंत्रांची ज्याने एकदाही भीड बाळगली नाही, त्याच्याकडून एका माणसाने एकच आकडा मागितला होता, आणि त्याने नेमका तिथेच हात आखडला होता.

मास्तरांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, ती काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. दोघांनी जागा बदलल्या. बाहेरून वळसा घालताना दशांशने त्यांचा दंड धरला, आणि मास्तरांनी तो धरू दिला.

क्लासच्या दारात लेक ओले केस घेऊन उभी होती. मागे बसता बसता ती म्हणाली, "आज आजोबा चालवणार होते ना?"

दशांशने तोंड उघडलं, पण मास्तर आधी बोलले.

"आजोबा पास झाले बाळा," ते म्हणाले. "आता त्यांना चालवायची गरज नाही."