हातभर अंतर

अहेरीतले गॅरेजवाले चाचा ब्रेकची परीक्षा गाडीकडे पाठ करून घ्यायचे. नवे ब्रेक बसवले की ते दुकानामागच्या लाकूड डेपोच्या रस्त्यावर, मोहाच्या झाडापाशी जाऊन पाठमोरे उभे राहायचे आणि हाक मारायचे, "या गुरुजी, माह्याकडे या." आपण ओढ्यावरच्या रपट्यापासून गाडी थेट त्यांच्या अंगावर न्यायची. त्यांच्या मागे पंधरा पावलांवर त्यांनीच ठेवलेला एक पांढरा दगड. दगड मागे पडला की पाय दाबायचा, आधी नाही. गाडी थांबली की चाचा मान न वळवता उजवा हात मागे न्यायचे. पंजा बोनेटला टेकला की म्हणायचे, "लागले." म्हणजे ब्रेक पास.

हे वाचून तुम्हाला घाम फुटला असेल तर तुम्ही शहाणे आहात. मला तो स्टिअरिंगवर बसून फुटला होता. पहिल्या खेपेला मी दगडाच्या चाळीस पावलं अलीकडेच गाडी उभी केली. चाचा तसेच पाठमोरे म्हणाले, "गुरुजी, मी अहेरीत हाय. तुमी आलापल्लीतच थांबले का?" तिसऱ्या खेपेला कुठे त्यांचा हात टेकला.

गाडी सासऱ्यांची. जुनी अँबॅसिडर, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असलेली. सासरे गेल्यावर चामोर्शीच्या घरी तिला कोणी हात लावेना. मला गाडीतलं काही कळत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ती माझ्या गळ्यात पडली. अहेरीत आणली आणि महिन्याभरात तिचे ब्रेक किंचाळायला लागले. आता दार कुरकुरलं तर आपण काय करतो? मी तेच केलं. स्वयंपाकघरातून जवसाचं तेल आणलं आणि ब्रेकच्या दोन्ही तबकड्यांना बोटानं नीट चोळून लावलं. आवाज बंद झाला. गाडीही थांबायची बंद झाली. घरापासून निघालो तो भाताच्या तणशीच्या ढिगात जाऊनच थबकलो.

त्या दिवशी चाचांची ओळख झाली. त्यांनी चाक काढलं, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि माझ्याकडे पाहत राहिले.

"गुरुजी, भाजी करून राह्यले होते का?"

"आवाज येत होता हो चाचा."

"थे घासते म्हणून तर गाडी थांबते. तुमी वर्गात वरडून राह्यले अन् कोणी तुमाले तेल पाजलं, तर शाळा चालन का?"

तेल प्यालेले पॅड त्यांनी फेकून दिले. नवे बसवताना मला कामाला लावलं. ब्रेकच्या नळीतली हवा काढायची असते. एकानं आत बसून पाय दाबायचा, दुसऱ्यानं खाली चाकाशी नळीचं तोंड सोडायचं आणि आवळायचं. "दाबा. धरा. सोडा." सांगितल्याशिवाय पाय उचलला की हवा परत आत. तेवढ्यात रस्त्यानं जाणाऱ्या एका पालकांनी मला नमस्कार केला. मी दोन्ही हात जोडले आणि सोबत पायही उचलला. खालून आवाज आला, "हात जोडाले पाय काऊन उचलता गुरुजी?" तासाभराचं काम पुन्हा पहिल्यापासून.

चाचा ब्रेक शिकले ते सागाच्या ओंडक्यांनी भरलेल्या ट्रकांवर. जंगलातून उतरणाऱ्या त्या ट्रकांपुढे माझी गाडी म्हणजे खेळणं. मी एकदा विचारलं, "अंगावर गाडी घेता, भीती नाही वाटत?"

"ज्यानं ब्रेक बांधला त्यानंच समोर उभं राहाव. दुसऱ्याच्या लेकराले उभं करू का?"

"मग पाठ का करता? बघा तरी."

"पाहाले काय हाय? ब्रेक पायाले नाई, कानाले कळते."

अशी बारा-तेरा वर्षं गेली. दर दोन-तीन वर्षांनी पॅड, एकदा तबकड्याही. आधी दहा-बारा वेळा हळू हळू दाबून नवे पॅड तबकडीवर बसवायचे, मग मोहाखालची परीक्षा. मला तिची चटकच लागली होती. तो पंजा बोनेटवर टेकला की वाटायचं, आपणही काहीतरी नीट करू शकतो.

मग शिक्षकांच्या खोलीत एकानं सांगितलं, चाचा आताशा विसरतात. डोळ्यावर चष्मा असताना चष्मा शोधतात. परवा एका जीपचा नट आवळायचाच राहिला म्हणे. मी त्याला म्हटलं, जीपवाल्यांचं काय ऐकता. आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं.

त्याच आठवड्यात पॅड बदलायचे होते. चाचांनी बदलले. मी त्यांचे हात पाहत होतो. थरथरत होते, पण तसे ते आधीही थरथरत असतील. मी कधी पाहिले नव्हते. हळू दाबून पॅड बसवताना ब्रेक उत्तम लागत होते. तरी चाचा मोहाखाली पाठमोरे उभे राहिले, "या गुरुजी" म्हणाले, आणि मला जीपचा तो नट आठवला. मी रपट्यावरून निघालो, वेग धरलाच नाही, दगडाच्या बराच अलीकडे पाय टेकवला आणि दगडाशीच उभा राहिलो.

चाचांनी हात मागे नेला. पंजा उघडला. हवेत थोडा डावीकडे फिरवला, थोडा उजवीकडे. मग एक पाऊल मागे सरकून पुन्हा चाचपडलं. मी काचेतून पाहत होतो.

ते वळले. "काऊन गुरुजी?"

आजवरची माझी सगळी फजिती मी तुम्हाला हसत सांगितली. ही सांगताना जीभ अडते. मी म्हणालो, "दगड सोडताच दाबला चाचा. गाडी लगेच चिकटली. ब्रेक जास्त धरतायत."

कानाला कळतं म्हणणाऱ्या माणसानं स्वतःच्या कानाऐवजी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. गुरुजी खोटं कशाला बोलतील?

दुपारभर त्यांनी दोन्ही चाकं उघडली. तबकडीला हात लावून पाहिला. पिस्टन मागे सारून पाहिला. चाक हातानं फिरवलं. ते सुरेख फिरत राहिलं. "चाक तं मोकळं फिरून राह्यलं," ते स्वतःशीच म्हणत होते. मी शेजारी पाना धरून उभा. सांगायला एक वाक्य लागत होतं. सापडत नसलेली खोड माझ्या पायात होती आणि मी त्यांना पाना देत होतो.

चाकं परत बसवून त्यांनी साबणानं हात धुतले, खूप वेळ. "गुरुजी, आता ब्रेकचं काम बंद. कान दगा देऊन राह्यला."

"अहो, काहीतरीच काय."

"नाई. समोर उभं राहाले आता हक नाई."

पुढच्या आठवड्यात दुकानाच्या पाटीवर 'पंक्चर, ऑइल, ब्रेक' यातल्या शेवटच्या शब्दावर काळा रंग फासलेला होता. मी ठरवलं, उद्या जाऊन सांगायचं. असे किती उद्या गेले ते माझं मला माहीत.

दोन वर्षांनी चाचा आजारी पडल्यावर गेलो. खाटेवर होते, निम्मे उरलेले. मी जवसाच्या तेलाची गोष्ट काढली, हात जोडून पाय उचलल्याची काढली. चाचा दातांशिवाय हसले. चाचींनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्याच गाडीचं बोलत असतात." सांगायला आलो होतो ते आता सांगणारच होतो. तेवढ्यात चाचांनी माझं मनगट धरलं.

"गुरुजी, थ्या दिवशी कोन्तं चाक धरत होतं? डावं का उजवं?"

दोन वर्षं ते त्या चाकाशी बसलेले होते.

मी म्हणालो, "डावं."

"मले डाव्याचाच शक होता," चाचा म्हणाले. मनगट सोडलं आणि डोळे मिटले. चेहरा एकदम निवांत झाला, हिशेब लागल्यासारखा. मी चहा पिऊन उठलो. चार दिवसांनी ते गेले.

आता ब्रेकसाठी गाडी चंद्रपूरला नेतो. तिथे चाकं यंत्रावर फिरवतात आणि सगळं ठीक असल्याचा कागद देतात. तो घडी करून खिशात ठेवतो आणि अहेरीला परतल्यावर घरी न जाता डेपोच्या रस्त्याला वळतो. दगड अजून तिथेच आहे. रपट्यावरून पूर्ण वेगानं येतो, दगड मागे पडू देतो, मग पाय दाबतो. गाडी मोहाच्या झाडापासून हातभर अंतरावर थांबते. दर वेळी, अगदी हातभर.

मी इंजिन बंद करून बसून राहतो. बोनेटवर मोहाची फुलं पडतात.